मुका झालेला कॉम्प्युटर

गोंदियाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी माझा प्रिंटर घेऊन बसलो होतो. बाजूच्या बाकावर कुडव्याचे रिटायर मास्तर केशोराव होते. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेलेली. सोबत बायको शामकलाबाई. दुकानवाल्या हेमेंद्रनं त्यांचं मशीन उघडलं होतं.

"मास्तर, हे लिनक्स नवीन कोणं टाकलं? तुमचं साउंड कार्ड जुनं हाये, हे लिनक्स त्याले ओळखूनच नाही राहिलं, म्हणून आवाज बंद."

"भाच्यानं अपग्रेड केलं. पहिले हा कॉम्प्युटर मले रोज पेपर वाचून दाखवे. महिना झाला, मुका बसला हाये."

"जुनं लिनक्स परत टाकतो. दोन-चार दिवस ठेवा लागते."

"ठेव बाबू," शामकलाबाई म्हणाल्या. "पेपर वाचाले मी हावो न."

"तू गाळून वाचतं."

"काय गाळलं मी?"

"उदेलाल गेला. पेपरात फोटो होता त्याचा. मले काल न्हाव्याच्या दुकानात समजलं, तेरवी झाल्यावर."

"तुमचं बीपी वाढलं असतं जी."

"एकाच शाळेत जिंदगी काढली आमी. मी मातीले गेलो असतो."

"माह्या तोंडून निघालंच नाही."

"हेमेंद्र, आजच होते का पाय. आमी इथंच बसून राहतो."

"बसा मास्तर. पण वेळ लागन."

"आजचा पेपर पिशवीत हाये. वाचू का?"

"नको."