सरड्याची खोली

हसायचं तर हसा, पण हे माझ्याच घरात घडलंय, डिचोलीत. माझ्या मुलाने, विनायकने, इग्वाना पाळला होता. इग्वाना म्हणजे शेपटीसकट माझ्या उंचीएवढा सरडा. त्याला पिंजरा नाही, आतली अख्खी खोली मोकळी. पावसाळ्यात तिथे दिवसरात्र हीटर चालू.

आणि आमचे हे बाहेर उघड्या ओसरीत, सोप्यावर कुडकुडत. खाणीवरचा ट्रक चालवून चालवून छातीत धूळ बसलेली. मी विनायकला म्हटलं, "बापाला आत निजव."

"आई, माणूस आत आला की तो बुजतो. खाणं सोडतो."

"आणि बाप?"

"बाबांना आणखी एक चादर दे."

त्या चादरीतच गेले ते.

आमच्यात माणूस जिथे जातो तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात. सकाळी पिठावर जो ठसा दिसेल, त्या जन्माला तो गेला असं मानतात. पहाटे वीज गेली आणि हीटर बंद पडला. पाहुण्यांच्या गर्दीत आतलं दार उघडंच राहिलं होतं. सरडा दिव्याच्या उबेला बाहेर आला आणि पिठावरून फिरून गेला.

सकाळी नखांचे नि शेपटीचे ठसे बघून नणंदेने छाती पिटली, "वहिनी, दादा सरडो झालो गो!"

विनायक पांढराफटक. जाऊन सरड्यापुढे हात जोडून उभा राहिला.

मी म्हटलं, "नुसते हात काय जोडतोस? विचार बापाला, आता ऊब पुरते का म्हणून."