चौघांची डाळ

लालबागला डंकावर मसाला कुटून घ्यायला रांग होती. कुंदाबाई मिरच्यांची पिशवी धरून उभ्या होत्या आणि पुढच्या दोघींचं बोलणं कानावर पडत होतं.

"हर्षदा, पाच किलो मसाला? घरात माणसं चार!"

"अहो मावशी, हे तुरुंगातून सुटून आले आणि त्याच संध्याकाळी डाळ करायला घेतली. आत सहाशे माणसांचं रांधायचे. चौघांचा अंदाजच येईना. शेवटी चाळभर वाटली."

"मी चाळ सोडून अँटॉप हिलला राहायला गेले आणि अशा गंमती चुकल्या बघ! पण विजू परत त्या टोळक्यात नाही ना जात?"

"वेळ कुठाय? हे आत असताना ज्या संस्थेने पोरीची शाळा सांभाळली, तिथल्याच ताईंनी यांना कॅन्टीनमध्ये लावलं. रोज दोनशे ताटं."

"मग हा मसाला कॅन्टीनचा?"

"छे, चाळीच्या पूजेचा. जेवण यांनाच सांगितलंय."

"कोणी?"

"सावंतकाकांनी."

"अगो बाई! ज्यांची स्कूटर पळवून हा आत गेला, ते?"

"तेच. म्हणाले, विजू, तू चौघांचीच डाळ कर. चाळीला बरोबर पुरेल!"