मास्तर, लाल काढू नका

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या छापखान्याचे मालक; दवाखाना बंद ठेवून आलेल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाई; आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होत असलेल्या आपल्या मुद्रितशोधक ताई; त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले त्यांचे यजमान; रंगखात्याचे मास्तर, बाइंडिंगच्या भगिनी, मशीनवरची मंडळी आणि दाराशी उभं राहून चहाच्या किटलीवर नजर ठेवणारे माझे गाडीवाले बंधू, आपणां सर्वांना नमस्कार.

थोडक्यात बोला, असं मला बजावलेलं आहे. जन्मभर डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं, फक्त थांबायला जागा मिळत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा. माझं तोंड आत्ता लालबुंद झालंय, ते मागच्या रांगेलाही दिसत असेल. मी घेऊन आलेलो नाही. घाबरलेलोही नाही, घाबरायला इथे परकं कोण आहे? हा समोरचा दिवा तोंडावर आलाय, हॉल तापलाय, आणि मला रोझेशिया आहे, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेचा आजार. डॉक्टरबाई मान हलवताहेत, म्हणजे उच्चार बरोबर जमला.

तुमच्यापैकी अर्धे लोक मला ‘लालबत्ती’ म्हणतात. पाठीमागे म्हणता, पण माझी पाठ बहिरी नाही. उन्हातून गाडी आणली की गाल आणि नाक पेटायचं, वर बारीक पुळ्या, आणि आग अशी की कुणी तव्याजवळ तोंड धरलंय. त्यात गरम चहा प्यायलो की विचारूच नका. फाटकावरचे आपले पहारेकरी काका मला गाडीची चावी द्यायच्या आधी गप्पांच्या निमित्ताने जवळ येऊन वास घ्यायचे. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, गाडी चालवणाऱ्या माणसाची खात्री करायलाच हवी. पण रोज? सासूबाईंनी तर माझ्या देखत मुलीला विचारलं, ‘जावई रोज पितात की सुट्टीच्या दिवशीच?’ आमची ही म्हणाली, अहो आई, ते सरबतही अर्धं ठेवतात. सासूबाई म्हणाल्या, ‘पिणाऱ्याची बायको असंच सांगते.’

मेव्हण्याने एक मलम आणून दिलं. दुकानात कुणीही मागावं आणि दुकानदाराने द्यावं, अशातलं. आठवडाभर तोंड असं उजळलं की मी मेव्हण्याला जेवायला बोलावलं. मग जे उलटलं, ते आधीच्या दुप्पट. डॉक्टरबाईंनी पुढे सांगितलं की असल्या मलमांनी हा आजार वरून झाकला जातो आणि आतून चिघळतो. तेव्हा चेहऱ्याला काही लावायचं तर डॉक्टरांना विचारून लावा, मेव्हण्याला विचारून नको. मेव्हणे आज आलेले नाहीत, म्हणून हे मोकळेपणाने बोलतोय.

आता ताईंकडे येतो. सत्कार त्यांचा आणि पुराण माझं, असं व्हायला नको.

ताईंची खोली आपल्या इमारतीत सगळ्यांत आतली. मशीनचा आवाज नको म्हणून ती घेतली, असं त्या सांगायच्या. टेबलावर प्रुफांचा ढीग, लाल पेन्सिल, आणि वाटीत भिजवलेला रुमाल. मधूनच तो रुमाल गालांवर दाबून धरायच्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या पापण्या मिटायच्या, आणि पुन्हा कामाला लागायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, बाई संतापल्यात. ‘आज ताई तापल्यात, प्रुफं उद्या न्या,’ असं आपण एकमेकांना सांगायचो की नाही? ताई बहुतेक वेळा तापलेल्या नसायच्याच. कधी कधी असायच्या, पण तेव्हा लेखकाने तशी वेळ आणलेली असायची.

आणि आपल्या जिन्यातले फोटो आठवा. कुणीही निवृत्त झालं की सगळ्यांचा एक फोटो काढायचा, आपल्याच मशीनवर मोठा छापायचा आणि जिन्यात लावायचा, ही आपली जुनी पद्धत. त्या एकाही फोटोत ताईंचा चेहरा नाही. कुठल्या तरी उंच मशीनमनच्या खांद्यामागे अंबाड्याचा तुकडा दिसतो, त्या आमच्या ताई. त्यांनाही हाच आजार. त्याचं नाव त्यांना माहीत होतं, औषध चालू होतं, पण दहा जणांना ‘हे काय झालंय तोंडाला’ याचं उत्तर देत बसणं त्यांच्या जिवावर यायचं. मला हे पटतं. माझीही उत्तरं संपली होती.

मग डॉक्टरबाई पोस्टर छापायला आल्या. सार्वजनिक रुग्णालयात मोफत तपासणीचं शिबिर होतं. हा आजार जुनाट आहे, पूर्ण जात नाही पण आटोक्यात राहतो, लागट नाही, दारूने होतो असं नाही, ऊन, उष्णता, तिखट याने भडकतो, डोळ्यांनाही त्रास देतो, आणि सावळ्या रंगावर लाली कमी दिसली तरी आग तेवढीच होते, असा सगळा मजकूर. वर मोठ्या अक्षरांत, ‘हा आजार ओळखा. लाजू नका, दाखवून घ्या.’ आणि खाली एका चेहऱ्याचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला. डोळे न झाकता फोटो द्यायला कुणी तयार झालं नव्हतं.

प्रुफ ताईंकडे गेलं. मजकुरात चुका नव्हत्याच, डॉक्टरबाई शुद्ध लिहितात. पण ताई प्रुफ घेऊन बाहेर आल्या आणि त्यांना म्हणाल्या की वर लाजू नका म्हणायचं आणि खाली डोळे झाकायचे, हे वाचणाऱ्याला पटायचं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, मग फोटो आणू कुणाचा? ताईंनी गालावरचा रुमाल काढला आणि म्हणाल्या, ‘माझा घ्या.’

मी तेव्हा दारात गठ्ठे उचलत होतो. एवढी धीट गोष्ट मी या इमारतीत पाहिलेली नाही. घरी त्यांच्या जाऊबाईंनी बरंच सुनावलं म्हणे, तोंड गावभर भिंतींना लावणार का म्हणून. यजमान तेवढे म्हणाले, चांगला येऊ दे फोटो. बघा, आता लाजतायत.

फोटो काढला आणि रंगखात्याकडे गेला. इथे मला मास्तरांची आधीच माफी मागायला हवी, पण ही गोष्ट त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही. मास्तरांनी आयुष्यभर काय केलं? नवरीचा फोटो आला, लाल काढ. उमेदवाराचा आला, लाल काढ, डाग पूस. शाळेच्या मुख्याध्यापकांचा आला, त्यांनाही गोरंगोमटं कर. चेहरा दिसला की मास्तरांचा हात आपोआप लाल शाई कमी करतो, जसा माझा पाय गतिरोधक दिसला की ब्रेकवर जातो. त्यात फोटो ताईंचा. मास्तरांनी जीव ओतला.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी पोस्टरं छापून आली. वर ‘हा आजार ओळखा’, आणि खाली ताईंचा चेहरा, सोललेल्या बदामासारखा नितळ. ओळखा काय, कपाळ?

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे म्हणाले, वा, ताई काय सुंदर आल्यात. मालकही म्हणाले, मालक, राग मानू नका, तुम्ही कौतुकानेच म्हणालात. मग ताई आल्या. पोस्टर हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, लोक मजकूर वाचतात, चेहरा कोण बघतं. दुसरं कुणी म्हणालं की दिसताय की छान, झालं ते बरंच झालं. मंडळी, त्या बाईने आयुष्यात एकदा आपलं तोंड आहे तसं लोकांपुढे धरायचं ठरवलं होतं, आणि तिच्याच माणसांनी, प्रेमाने, ते पुसून तिच्या हातात दिलं होतं. ती पोस्टरं तशीच गेली असती तर ताई पुन्हा कधी त्या खोलीबाहेर आल्या असत्या, असं मला वाटत नाही.

ताईंनी पोस्टर टेबलावर पसरलं. केसांत खोचलेली लाल पेन्सिल काढली आणि छापील गालावर खूण केली. शब्द गळाला की करतात ती. दुसऱ्या गालावर केली, नाकावर केली. मग म्हणाल्या,

‘माझ्या तोंडावर चूक नव्हती, मास्तर. तुम्ही दुरुस्ती केलीत, ती चूक आहे.’

मास्तर जागच्या जागी खाली बसले. मालक गोदामाकडे बघत होते, कागद उरलाय का म्हणून. उरला होता. मालकांनी फक्त ‘लावा मशीन’ एवढंच म्हटलं, आणि त्यासाठी मी त्यांना आजही मनापासून मानतो.

पण गाडं तिथेच अडलं. मास्तर लाल वाढवायचे आणि त्यांचाच हात परत कमी करायचा. दोनदा कागद निघाला, दोन्हीदा फिकाच. शेवटी ताई रंग तपासायच्या दिव्याखाली खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, नमुना इथे आहे, जुळवा. तो दिवा किती तापतो, तुम्हाला माहीत आहे. बघता बघता त्यांचे गाल भडकले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाटीतला रुमाल मी आणून दिला, तो त्यांनी मांडीवर ठेवला, लावला नाही. मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले, ‘ताई, तुमचा रंग क्षणाक्षणाला बदलतोय, मी नक्की कुठला लाल धरू?’

ताई म्हणाल्या, ‘आत्ताचा. हाच मला रोज भेटतो.’

आणि मास्तरांनी तो धरला. दुसऱ्या कुणाला तो लाल इतका नेमका छापता आला नसता, हेही इथे सांगून ठेवतो.

ओली पोस्टरं वाळत टाकली होती. मी गठ्ठ्यांसाठी दोरी घेऊन उभा होतो. पोस्टर बघितलं. मग गाडीच्या आरशात बघितलं. पुन्हा पोस्टर बघितलं. तेच गाल, तेच नाक, त्याच पुळ्या. ताईंजवळ गेलो आणि विचारलं, हे कशाने होतं? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्ही घेता का? मी म्हटलं, कधीच नाही. त्या म्हणाल्या, ‘बरं. मग उद्या शिबिराला पोस्टरं पोचवून परत फिरू नका, रांगेत उभे राहा.’

त्या ‘बरं’साठी मी आज इथे उभा आहे. माझा शब्द कुणी वास न घेता मानला, तो पहिला माणूस ताई. रांगेत माझ्या पुढे एक आचारी होता आणि मागे एक शिक्षिका. तिघांच्याही हातात ताईंचं पोस्टर, आणि तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसत होतो. आज माझं औषध चालू आहे, उन्हात टोपी आहे, चहा कोमट करून पितो. एक पोस्टर मी फाटकावरच्या केबिनला आतून चिकटवलं. काकांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी हात लांब करून चावी दिली. सासूबाईंना एक घरपोच दिलं आहे, त्यांचा अभिप्राय अजून यायचा आहे.

ताई, तुमच्याबद्दल मोठे शब्द वापरायला गेलो तर तुम्ही तिथून खोडाल. एवढंच सांगतो, तुमची खूप आठवण येईल. प्रुफं न्यायला आता मला कुणाची भीती वाटणार नाही, याचंच वाईट वाटतंय.

आता या भाषणानंतर चहाच्या आधी फोटो आहे. पद्धत म्हणजे पद्धत. उंच मंडळींनी मागे जायचं. ताई मध्ये, पुढच्या रांगेत, खुर्चीवर, आणि त्यांच्या शेजारी मी. दोघांचीही तोंडं या दिव्याने चांगली पेटलेली आहेत. हा फोटो जिन्यात पहिल्या वळणावर लागेल, येता-जाता सगळ्यांना दिसेल असा. मालकांनी जागा दिलेली आहे, मी आधीच विचारून ठेवलंय. आणि छापणार आपले मास्तरच. मास्तर, काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको.

मला बोलायला उभं केलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, डॉक्टरबाईंचे आणि आपणां सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही जास्त-कमी गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. ताईंनी मात्र पोटात घालू नये. लाल पेन्सिल केसांत आहेच, सरळ खूण करावी. सगळं दुरुस्त करून घेईन, ताई, तोंड सोडून.