आईच्या माहेरचं नाव

(केंटकीच्या डोंगरावर, टॅकेट घराण्याच्या थडग्यांपाशी. मे महिन्यातला रविवार. आज सगळे आपापल्या माणसांचे दगड घासून फुलं वाहतात. म्हातारा बर्चेट टॅकेट आणि त्याची गरोदर, आठवा महिना लागलेली लेक दार्ला.)

दार्ला: ...पण पहिल्या बाळाचं नाव म्हणून आईच्या माहेरचं आडनावच ठेवायचं, हीच आपली रीत ना, बाबा? मग माझ्या लेकीचं नाव टॅकेट.

बर्चेट: वाकू नकोस, ती बादली दे इकडं. आणि ते नाव सोड. सासू काय म्हणते तुझी?

दार्ला: सटन ठेवा म्हणतात. असली आडनावं नाव म्हणून ठेवायची सध्या फॅशन आहे. मी शिकवते त्या वर्गात दोन सटन आहेत, तीन मेसन. घराण्यात कुणी मेसन होतं का, असं विचारलं तर पोरांच्या आया म्हणाल्या, छे, कानाला गोड लागतं आणि भारदस्त वाटतं.

बर्चेट: मग ठेव की सटन. टॅकेट कुणाच्या कानाला गोड लागलंय? खाली शहरात नाव सांगितलं की दुकानदार आधी गल्ल्याकडं बघायचा. डोंगरातली माणसं म्हणून. पोरीच्या माथी कशाला ते?

दार्ला: तुम्हाला मुलगा नाही. तुमच्यामागं हे नाव या दगडांवरच उरेल.

बर्चेट: उरू दे. दगड चांगले घासलेत मी.

दार्ला: आजीचा दगड कुठला यातला?

बर्चेट: तिला कुठला दगड? लाकडाची फळी होती, कुजून गेली. इथंच आहे ती, या झाडाच्या अंगाला.

दार्ला: आणि तिचं माहेर?

बर्चेट: बर्चेटांचं. म्हणून तर मी बर्चेट. ठाऊक आहे तुला.

दार्ला: लोक विचारत असतील, हे कसलं नाव म्हणून.

बर्चेट: अडुसष्ट वर्षं विचारतायत. खाणीत, फौजेत, दवाखान्यात. मग सांगावंच लागतं, माझी आई बर्चेटांची, बाप खाणीत मेल्यावर तिनं एकटीनं नांगर धरला, पाच पोरं वाढवली. एक महिना असा गेला नाही की तिचा विषय निघाला नाही.

दार्ला: मग माझ्या लेकीलाही कुणीतरी विचारू दे.

बर्चेट: ...सासूबाई रुसतील तुझ्या.

दार्ला: रुसून झाल्या मंगळवारी. तुमचा जावई ट्रेव्हरही तयार आहे. अडलंय ते तुमच्यापाशी.

बर्चेट: पोरीला शोभेल का पण? हाक मारून बघ. अंगणातून मारतात तशी.

दार्ला: टॅकेट, चल, जेवायला ये.

बर्चेट: आलो.

दार्ला: तुम्हाला नाही, बाबा.

बर्चेट: कळलं गं. पुन्हा मार एकदा.