रातू, छप्पर आणि लाल आकडे

…आणि वर मलाच विचारतात, ‘बाई, एवढं चिडायला झालं तरी काय?’ काय झालं? तुम्हाला सांगते, बसा इथे ह्या चटईवर. तुम्ही पलीकडच्या बेटावरची मंडळी, तुम्हाला आमच्या वुनिरावाची थोरवी कुठून ठाऊक असणार? बोट काही अर्ध्या तासात सुटत नाही, तोवर ऐकाच. ती बघा सरकारी कचेरी, धक्क्यावरून सरळ वर. छपरावर पॅनेलं दिसतात ना? मोजा. बारा! दिवसभर ऊन पितात. आणि त्या बारा पॅनेलांवर चालतं काय? पंखा? नाही. दिवा? तोही नाही. चालते ती फाटकावरची लाल आकड्यांची पाटी, आणि त्या पाटीवर काय उमटतं, तर ह्या पॅनेलांनी आज किती वीज तयार केली! म्हणजे वीज करायची, ती कशासाठी, तर वीज केली हे सांगण्यासाठी! शेजारच्या दवाखान्यातला फ्रीज दुपारभर मढ्यासारखा पडलेला… पण पाटी बघा, कशी झळकतेय!

ही माझी थोरली बहीण, अकानिसीताई. पाय पसरून बसली आहे, कारण तिला तो दुमडता येत नाही. वीस वर्षं साखरेचा आजार. तिचं इन्सुलिन दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, आणि तो फ्रीज चालतो गावच्या जनरेटरवर, संध्याकाळी सहा ते दहा, तेही डिझेल आलं तर! बाकीचे वीस तास सिस्टर सेनिमिली बिचारी बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवते आणि दर दोन तासांनी पाणी शिंपडते. तरी मार्चमध्ये एक दिवस ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. ‘बाई, बाटल्या गढुळल्या हो… टोचायला हात धजत नाही.’ त्या महिन्यात ताईच्या पायाची करंगळी काळी पडली.

कचेरीपासून दवाखाना किती लांब? मी स्वतः मोजलं आहे. चाळीस पावलं! छपरावरून एक तार ओढायची, संपलं. मग ओढली का नाही, असंच ना तुमच्या मनात? तिथेच तर सगळं अडलंय!

उद्घाटनाला मंत्री आले होते. गावातल्या बायकांनी तीन आठवडे केवड्याच्या चटया विणल्या, डुकरं भाजली, अळकुड्या उकडल्या. मंत्री म्हणाले, ‘बंधुभगिनींनो, आजपासून वुनिरावाचा सूर्य सरकारी सेवेत रुजू झाला आहे!’ टाळ्या! मग मुळं कुटून केलेल्या यांगोनाची करवंटी फिरली, आणि त्या भरात हे गृहस्थ आमच्या रातू सेरुपेपेलींकडे वळून म्हणाले, ‘रातू, ही पॅनेलं आम्ही आपल्या हाती सोपवतो. आपणच ह्यांचे राखणदार!’ अहो, मंत्र्यांनी बोलायची वाक्यं ती… बोट सुटायच्या आत ते विसरलेसुद्धा! पण आमचे रातू चौऱ्याऐंशी वर्षांचे, गावचे मुख्य, यांगोनापुढे दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्यांनी करवंटी रिकामी केली, रीतीप्रमाणे सावकाश टाळी वाजवली आणि म्हणाले, ‘आकाशात ऊन आहे तोवर मी ह्यांना सोडणार नाही.’

झालं! दुसऱ्या दिवसापासून रातू कचेरीत. उजाडलं की येतात, पॅनेलांच्या बरोबर खाली चटई टाकतात आणि मावळेपर्यंत हलत नाहीत. आता रातू बसलेले असताना आमच्यात कुणी त्यांच्यापुढे ताठ उभंसुद्धा राहत नाही, कंबरेत वाकून जातो आम्ही. मग ते ज्या छपराखाली बसले आहेत, त्या छपरावर, त्यांच्या डोक्यावर पाय देऊन चढायचं कुणी? बसवताना चढले ते कसे, म्हणाल, तर तेव्हा रातू चर्चच्या सभेला परगावी गेले होते. आता ते कुठेच जात नाहीत! सहा महिने त्या काचांवरची धूळसुद्धा कुणी पुसलेली नाही… पण पाटी बघा, कशी झळकतेय!

वायरमन आहे, सुलियासी नावाचा. सरकारी शिक्क्याचा तो एकटाच, दुसऱ्याने हात लावायचा नाही. महिन्यातून एकदा ह्याच बोटीने येतो, आठला उतरतो, तीनला परततो. उतरतो, शिडी आणवतो, खिडकीतून आत डोकावतो. ‘आहेत का?’ ‘आहेत.’ की शिडी आडवी! पायरीवर मांडी घालून यांगोना पितो आणि जातो. सहा महिन्यांत सहा फेऱ्या, आजची धरून!

मी गप्प बसेन? यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन रीतसर गेले, जमिनीवर बसले, म्हटलं, ‘रातू, बुधवारी वायरमन येईल तेव्हा घटकाभर आंब्याखाली बसायला याल का?’ इतक्या मायेने हसले हो… ‘तोरिका, लेकी, तुझ्या बहिणीसाठी मी समुद्रातही बसेन. पण शब्दातून घटकाभर उठता येतं का, तूच सांग. तू तर मुलांना शिकवतेस.’ अडतीस वर्षं वर्गात मी कुणाचं उलट उत्तर ऐकून घेतलं नाही. तिथे मात्र मान खाली घातली, टाळी वाजवली आणि परत आले. माणूस खोटा असता तर भांडले असते!

मग धरलं कचेरीच्या साहेबाला. साहेब म्हणजे इलाइतिया, माझ्याच वर्गातला, सातचा पाढा तीन वर्षं चुकवणारा. मला म्हणतो, ‘बाई, योजनेमागची प्रतीकात्मकता समजून घ्या.’

म्हटलं, ‘इलाइतिया, प्रतीकात बाटली गार राहते का रे?’

‘तसं नव्हे बाई… राजधानीतून दर सोमवारी पाटीवरचा आकडा विचारतात. फ्रीजचं कुणी विचारतच नाही, मग मी कोणत्या रकान्यात भरू?’

‘मग रातूंना तू सांग उठायला!’

‘मी? बाई, मला ह्याच गावात म्हातारं व्हायचंय!’

जून गेला, जुलै गेला. करंगळी गेली, शेजारचं बोट गेलं, दोन्ही इथल्याच दवाखान्यात कापली. आता मोठ्या इस्पितळाचा निरोप आला आहे, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. म्हणून आज आम्ही इथे, बोचकं बांधून. आणि ताई काय म्हणते ठाऊक आहे? ‘तोरिका, चप्पल एकच घे, ओझं कशाला?’ हसते वर! मला नाही हसू येत…

अगंबाई, थांबा! ते कोण येतंय? वाका, वाका सगळे… रातू! भर उन्हात, काठी टेकत, कचेरी सोडून! हो, बरोबर… गावची लेक इस्पितळात निघाली तर रातूंनी धक्क्यापर्यंत पोचवायचं, ही रीत त्यांच्या आजोबांच्याही आधीची. तिच्यापुढे मंत्र्यांना दिलेला शब्दही धाकटा! बघा, ताईचा हात हातात घेऊन रडताहेत म्हातारे… म्हणजे कचेरीत कुणी नाही! सहा महिन्यांत पहिल्यांदा छप्पर मोकळं! अहो, वायरमनला बोलवा, सुलियासी कुठे आहे? सुलियासी!

‘इथेच आहे, बाई.’

माझ्या पाठीमागे! पिशवी मांडीवर घेऊन, रांगेत, बोटीत चढायला! आणि हा वाजला भोंगा…

चला, धरा तिला दोन्हीकडून, सांभाळून. आणि ताई बघा, फळीवर एका पायाने उभी राहून त्याला काय सांगते आहे!

‘सुलियासी, लाजू नकोस रे बाळा. दुसरा पाय अजून शिल्लक आहे. पुढच्या वेळी तू आधी शिडीपाशी जाऊन उभा राहा, मग मी निघते!’