फ्लेक्सवरचा डॉक्टर

न्हाई, पण मला सांगा, माणूस अजून जिल्ह्यात पाय ठेवायचाय, यायचं का न्हाई हेबी त्यानं ठरवलेलं न्हाई, अन् त्याच्या स्वागताचा फ्लेक्स चौकात झळकून राह्यलाय... असं कुठं असतं का? आमच्या अंबडला असतं. आता मी मधी बोलायला पाह्यजे होतं का? असंल. न्हाई बोललो. आपलं काम ऑफिसचं.

तुम्हाला सांगतो, मी रामप्रसाद, ट्रस्टच्या दवाखान्यात ऑफिस बघतो. बघतो म्हणजे हजेरी बघतो, बिलं बघतो, जनरेटरचं डिझेल बघतो, अन् कोरोनाच्या त्या दिवसांत डॉक्टर बघायचं कामबी माझ्याच गळ्यात आल्तं. झालं असं, आमच्या दवाखान्याला तज्ज्ञ डॉक्टर तयार करायची मंजुरी भेटली. म्हणजे एमबीबीएस झालेलं पोरगं आपल्याकडं येणार, तीन वर्षं राबणार, राबता राबता शिकणार अन् फिजिशियन होऊन निघणार. जागा एकच, अन् ती दिल्लीहून ऑनलाईन वाटतेत. बरं, सध्या आपल्याकडं फिजिशियन किती? एक. मनीषा मॅडम.

मॅडमची पोरगी लहान, ती परभणीला आजीकडं, अन् मॅडम इथं दवाखान्याच्या वरच्या खोलीत. वार्ड भरलेला, व्हरांडा भरलेला, बाई जेवायच्याबी उभ्याउभ्याच. पोरगी फोनवर म्हणायची, 'मम्मी, कधी येते?' अन् मम्मी म्हणायची, 'नवीन डॉक्टर आले की येते गं.' मंग ती पोरगी मलाच फोन लावायची, 'काका, आले का नवीन डॉक्टर?' आता तिला काय सांगावं? जागा भरली तं आई चार दिवस तरी घरी जाणार, न्हाई भरली तं न्हाई. एवढं साधं होतं सगळं.

पण भरती? परीक्षा पुढं गेली, निकाल लांबला, वाटपाच्या तारखा तं अशा सरकून राह्यल्या की विचारू नका. शेवटी एक नाव आलं. डॉक्टर सोमेश्वर, मुक्काम गडहिंग्लज. मी जल्दी जल्दी फोन लावला. तिकडून आवाज, 'हां, बोला की. अंबड म्हंजे नेमकं कुठं आलं ओ?' म्हन्लो, जालन्याच्या खाली. 'आणि जालना?' घ्या. तरी मी गोड बोललो. पोरगं म्हणलं, 'बघतो ओ साहेब. पुढच्या फेरीत पुण्याला मिळतंय काय बघायचंय. घरातली नको म्हणायल्यात, एवढ्या लांब, असल्या दिवसात... कळवतो.'

हे मी बराबर असंच अध्यक्षांना सांगितलं. अप्पाराव आमचे अध्यक्ष. 'बघतो' हे त्यांनी ऐकलंच न्हाई, नाव तेवढं ऐकलं. 'नाव आलं ना? मंग झालं काम. बद्रीनाथला सांग, फ्लेक्स टाक म्हणावं.' आता आमच्याकडं पोरगं तलाठी झालं, फ्लेक्स. सोसायटीवर बिनविरोध गेलं, फ्लेक्स. एकानं बैलाच्या वाढदिवसाचा टाकल्ता, बैल गॉगल घालून. मी म्हन्लो, साहेब, तो अजून हो म्हन्ला न्हाई. तं म्हणतेत, 'अरे, स्वतःचा फ्लेक्स लागल्यावर न्हाई कोण म्हणतं?' याच्याफुडं बोलावं का? न्हाई बोललो. आपलं काम ऑफिसचं.

बद्रीनाथ फ्लेक्सवाला, त्याचं एकच टुमणं. 'खाली संपर्क नंबर कुणाचा टाकू? नंबराबिगर फ्लेक्स उघडा दिसतो.' अध्यक्ष म्हणले, 'ज्याचं स्वागत, त्याचा टाक.' झालं. फ्लेक्सवर अध्यक्ष फेटा बांधून माणसाएवढे, त्यांच्या मागं सगळे शुभेच्छुक, अन् वर कोपऱ्यात आमचा डॉक्टर, परीक्षेच्या फॉर्मवरच्या फोटोतला, टाय लावलेला, भेदरलेला. 'नामवंत तज्ज्ञ आता आपल्या सेवेत.' नामवंत! अहो, ते पोरगं शिकायला येणार होतं. अन् खाली त्याचा मोबाईल नंबर, हा असा, विटेएवढ्या आकड्यांचा. असे तीन फ्लेक्स, एक अंबडला, एक तीर्थपुरीला, एक जांब समर्थला.

मंग काय व्हायचं? दुसऱ्याच दिवशी सोमेश्वरचा फोन. 'साहेब, माझा नंबर तुमच्यात कुणाला दिलाय काय? सकाळधरनं तीर्थपुरी, तीर्थपुरी... एक जण म्हणतोय बेड द्या, एक जण म्हणतोय वाफ घेऊ का काढा घेऊ, एकानं तर म्हशीचं विचारलं ओ.' मी म्हन्लो, डॉक्टर, उचलू नका. तं म्हणतो कसा, 'उचलू नको कसं? दम लागलेला माणूस फोन करायलाय.' अन् बसला की पोरगं तिकडं गडहिंग्लजला, घराच्या गच्चीवर, आमचा सगळा भाग तपासत. पगार न्हाई, हजेरी न्हाई, अजून हो म्हन्लेला न्हाई अन् ड्यूटी चालू.

इथपर्यंत मी हसून राह्यल्तो, खरं सांगतो. पण एक दिवस त्याचा फोन आला अन् आवाज वेगळाच. 'रामप्रसादराव, जांब समर्थला कडूबा म्हणून आज्जा आहेत. ऑक्सिजन खाली चाललाय. त्यांच्या बायको साखराबाई म्हणतायत, दवाखान्यात जाईनात. का, तर मी आल्यावर जाणार म्हणे. गाडी घेऊन जावा, आत्ताच्या आत्ता.' आता पाहा, फ्लेक्सनं काय करून ठेवलं. लोक घरी थांबायला लागल्ते. मोठा डॉक्टर येणार हाय ना, मंग आता कशाला जायचं? माझं तं हसणंच बंद झालं.

मी अँब्युलन्स घेऊन गेलो. कडूबा बाजेवर बसलेला, खांद्यानं श्वास ओढून राह्यला. साखराबाई म्हणते, 'भाऊ, तुमीच सांगा यांला, माझं ऐकतेत का?' म्हन्लो, कडूबाबा, चला. तं बोट वर करतो, 'ते... फोटोतले... आले का?' मी फोनवर व्हिडिओ लावला. सोमेश्वर म्हणला, 'आज्जा, गाडीत बसा.' कडूबा म्हणला, 'तुमी येतेत का?' त्या पोराला पुणं पाह्यजे होतं, घरचे न्हाई म्हणत होते, अन् समोर हा म्हातारा, जागचा उठायला तयार न्हाई. 'येतो,' म्हणला. 'कव्हा?' 'निघालोच, आज्जा.' मंग कडूबा उठला अन् गाडीत बसला. मला त्या पोराचं लई वाईट वाटलं, अन् खरं सांगतो, लई बरंबी वाटलं.

अन् आलं की ते. लॉकडाऊनचा पास काढून, औषधाच्या टेम्पोत बसून. अध्यक्ष दारात शाल, हार, फेटा घेऊन उभे, ताशावालाबी सांगितलेला. सोमेश्वर म्हणला, 'ते राहू दे ओ, पीपीई किट कुठंय?' अन् गेला सरळ आत. मॅडमनं एकेक पेशंट समजावून सांगितला अन् दुसऱ्या दिवशी चार दिवसांसाठी गाडीत बसल्या. हसल्या न्हाई, रडल्या न्हाई, बसल्या तशा झोपल्या. मी परभणीला फोन लावला. म्हन्लो, बेटा, नवीन डॉक्टर आले. तिकडं एकदम 'आज्जीऽऽ' करून फोन टाकून पळाली.

झालं का गोड? कुठलं. किटमधी माणूस ओळखू येतो का? पांढरं गाठोडं, वर काच, आत वाफ. कडूबा त्याच्याच हातानं औषध घ्यायचा अन् त्यालाच विचारायचा, 'ते फोटोतले कव्हा येतेत?' 'मीच ओ, आज्जा.' 'सगळे असंच म्हणतेत.' किटच्या पाठीवर नाव लिहून पाह्यलं, कडूबाला वाचता येत न्हाई. बाहेर किट काढून व्हिडिओ लावला तं म्हणायचा, 'फोनवर तं तव्हाबी होते, इथं कव्हा येतेत?' शेवटी सोमेश्वर थकला. म्हणायला लागला, 'उद्या येणारेत, आज्जा. तोवर एवढी गोळी घ्या.' अन् कडूबा घ्यायचा.

बरा झाला कडूबा, चांगला चालत घरी गेला. पुढं मी कामानिमित्त जांबला गेल्तो, तं पारावर बसून लोकांला सांगून राह्यल्ता. 'दवाखाना एक नंबर. जेवणबी बरं. एक पांढऱ्या कपड्यातलं पोरगं होतं, लई राबलं बिचारं माझ्यासाठी, त्याचं भलं होवो. पण तो मोठा डॉक्टर? शेवटपर्यंत आला न्हाई.' मी तोंड उघडलं, सांगावं म्हन्लं... तं माझ्याकडं वळून म्हणतो, 'रामप्रसाद, आता तो फ्लेक्स तरी काढा रे. लोक उगंच वाट पाहून राह्यलेत.'

आता काय बोलता? काढला.