फरशीतलं पोवळं

(देगलूरला उमादेवींचं नवं घर. देवघरात फरशी घासायचं मशीन नुकतंच बंद केलंय.)

उमादेवी : काढा म्हणजे काढा, सटवाजी! माझ्या देवघरात सांगाडा नको.

सटवाजी : सांगाडा कुठला, अक्का? राजस्थानची पिवळी फरशी हाय ती. मी सोता निवडली.

उमादेवी : तुमचीच पोरगी म्हणाली की आत्ता! तुमचा डबा घेऊन आली, खाली वाकली, आणि म्हणते कशी, 'काकू, सांगाडा किती छान दिसतोय!'

पुनम : फरशीतल्या या फुलासारख्या नक्षीला प्रवाळाचा सांगाडा म्हणले मी, काकू. कॉलेजात तसंच शिकवतात.

सटवाजी : घ्या! नांदेडला पाठवली दगडाचं शिकायला, तर बापाचंच काम उकरायला लागली.

उमादेवी : परवा वास्तू आहे. पूजेला वीरण्णास्वामी येणार. जागेत हाड निघालं तर घर लाभत नाही म्हणतात. त्यांना काय सांगू, देवाच्या पुढ्यात मढं पुरलंय म्हणून?

सटवाजी : अक्का, तीस वर्षं झाली मला या कामात. माझ्या हातची फरशी अजून कुणी उचलली न्हाई. ही एक काढली तर बाजूच्या चार चिरतील. अन् गावभर होईल, सटवाजीची फरशी उखडली म्हणून.

उमादेवी : होऊ दे.

सटवाजी : पुने, बोल की! मघाशी लई तोंड चालून राहिलं होतं.

पुनम : काकू, तुमच्या बोटात काय आहे?

उमादेवी : पोवळं. मंगळासाठी. विषय बदलू नको.

पुनम : त्यालाच पुस्तकात प्रवाळ म्हणतात. समुद्रातले इवले इवले जीव चुन्याचं घर बांधतात, तोच त्यांचा सांगाडा. तुमच्या अंगठीतल्याची जात वेगळी, पण कूळ हेच.

उमादेवी : अय्यो! म्हणजे एकवीस वर्षं मी हाड घालून फिरतेय?

सटवाजी : अन् त्याच हातानं देवाला फुलं वाहता.

उमादेवी : तुम्ही गप्प बसा हो! ...पण माझं लाल आहे, गुळगुळीत. हा तर नुसता दगड दिसतोय.

पुनम : झालाच आहे दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिकडं राजस्थानात समुद्र होता. जीव मेले, वर गाळ बसला. मग पाणी झिरपत राहिलं. सांगाड्याचा मूळचा चुना लई बारीक, सुयांसारखा. तो हळूहळू विरघळला आणि त्याच जागी दुसऱ्या घडणीचा चुना बसला. आतल्या रिकाम्या खोल्या होत्या ना, त्यापण भरल्या. चुना बदलला, नक्षी तेवढी राहिली.

सटवाजी : थांब, थांब. मग तिथल्या दगडाचा दाणा मोठा झाला का गं?

पुनम : हो! तुम्हाला कसं कळलं, आबा?

सटवाजी : कळलं म्हणजे? असल्या फुलावर मशीन गेलं की आवाज बदलतोय. घासता घासता तिथं चकाकी बी आधी येती. मी लोकायला सांगायचो, हितला दाणा जाडा हाय. तर लोक म्हणायचे, सटवाजी, आज जास्त झाली का?

पुनम : अहो, आमचे सर हे बघायला दगडाची कागदासारखी पातळ चकती करतात. मायक्रोस्कोपखाली ठेवतात!

सटवाजी : ऐकलं का अक्का? सरला चकती लागती. आपल्याला कान बास.

उमादेवी : पुरे झाली फुशारकी. पुनम, खरं सांग. यात आता हाडाचं काही उरलं नाही ना?

पुनम : आकार उरलाय, काकू. बाकी दगड.

उमादेवी : हं... मग वीरण्णास्वामींना सांगते, देवघरात पोवळं जडवून घेतलंय.

सटवाजी : हाव! हातभर पोवळं! देगलुरात दुसऱ्या कुणाकडं दाखवा.

उमादेवी : दुसरीकडं नाही कसं? तीस वर्षांत अशी किती फुलं लावली असतील तुम्ही.

सटवाजी : लावली की, पण सुरुवातीची सोडली तर समदी उलटी. लोक डाग म्हणायचे. मग फूल खाली, कोरी बाजू वर.

उमादेवी : आणि माझ्याच घरात बरी सुलटी घातली?

सटवाजी : आज डबा घेऊन पुनम येणार होती. तिला वळखू येतंय का, बघायचं होतं.